झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की, तिच्या खरेखोटेपणाचा विचार करण्याची गरज कोणास वाटत नाही. घरातील भांडण असो, कर्ज असो वा एखाद्याचे दुखणे असो. मूठ झाकून ठेवावी म्हणजे घराण्याची अब्रू राहते, अशी आपली समजूत. आम्हीही आयुष्यातील पुष्कळ वर्षे ही म्हण खरी मानून चाललो. आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी सतरा वर्षे जे दुखणे आम्ही जवळून पाहिले, त्याने आमची ही समजूत पालटली. ती कशी पालटली, हे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. अक्काची व तिच्या मुलांची यास संमती आहे. नावे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत.

अक्काचे लग्न १९८२ साली झाले. सासर लांबचे नव्हते. खानापूर तालुक्यातील आमच्याच गावात, आमच्या घरापासून दहा घरे पलीकडे. भावोजी सुतारकाम करीत. हात असा की, त्यांनी बसविलेल्या दाराच्या फटीतून पावसाळ्यातही वारा येत नसे. माप घ्यायचे ते एकदाच. दुसऱ्यांदा फूटपट्टी लावलेली कोणी पाहिली नाही. स्वभावाने अबोल, पण गोड. आमच्या शाळेची बाके त्यांनीच केली होती व मजुरी घेताना लाकडाचा हिशेब पै-पैने दिला होता.

२००२ च्या सुमारास, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, या माणसाच्या कामात चुका होऊ लागल्या. दार चौकटीत बसेना. एक काम अर्धे टाकून ते दुसरे हाती घेत, आणि दोन्ही तशीच राहत. कोणी विचारले की संताप. एके दिवशी अक्काने जेवायला दोनदा हाक मारली, एवढ्यावरून त्यांनी हातातील रंधा अंगणात भिरकावला. पुढे पुढे मिस्सेच्या वेळी बाकावर बसले असता त्यांची बोटे आपोआप हलत. जणू अदृश्य पेटीवर कोणी सूर शोधीत आहे. खांदा उडे, भुवया वर जात. गंमत अशी की, याची त्यांना स्वतःला जाणीवच नसे. "तुमचा हात हलतो आहे," असे म्हटले की ते आश्चर्याने आपल्या हाताकडे पाहत आणि म्हणत, "कुठे? काही नाही."

गावाने आपला निकाल लवकर दिला: 'मेस्त्री पिऊ लागला.' त्यांच्या वडिलांविषयीही गाव हेच म्हणत असे. ते वृद्ध गृहस्थ झोकांड्या खात चालत, शेवटी विहिरीत पडून गेले. एक आत्या माजघरातील खोलीतून दहा वर्षे बाहेर आली नव्हती. या घराण्याला बाधा आहे असे कोणी म्हणे, कोणी म्हणे वात आहे. लग्न जुळविताना यातील एकही शब्द आमच्या वडिलांच्या कानी कोणी घातला नव्हता. मूठ झाकलेली होती.

आता आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. २००६ साली गावच्या फेस्ताच्या व्यवस्थेत आम्ही होतो. मिरवणुकीत पवित्र मातेच्या मूर्तीपुढे मोठी मेणबत्ती धरण्याचा मान त्या वर्षी भावोजींचा होता. चर्चच्या पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला, मेण पुढच्या मुलीच्या शुभ्र पोशाखावर सांडले व लोकांत कुजबुज झाली. आम्ही पुढे झालो, त्यांच्या हातातील मेणबत्ती काढून घेतली आणि चारचौघांत म्हणालो, "घरी जा. शुद्धीवर आलात की या." ते काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून, रस्ताभर झुकत झुकत, एकटे घरी गेले. त्यांनी त्या दिवशीच काय, कित्येक वर्षांत दारूचा थेंबही घेतला नव्हता, हे अक्काने त्या रात्री आम्हांला सांगितले; आणि आम्ही तेही पूर्णपणे खरे मानले नाही.

तीन वर्षांनी, २००९ साली, बेळगावच्या एका डॉक्टरांनी भावोजींना तपासण्यापूर्वीच एक प्रश्न विचारला: "यांचे वडील कसे वारले?" इतक्या वर्षांत कोणी न विचारलेला हा प्रश्न होता. अक्काने सासऱ्यांचे सांगितले, आत्याचे सांगितले. डॉक्टरांनी बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेकडे चिठ्ठी दिली. तेथे रक्ताची तपासणी झाली व रोगाचे नाव कळले: हंटिंग्टनचा रोग.

हे नाव जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टराचे. १८७२ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे आजोबा व वडील न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टर होते. तिघांनी मिळून त्याच त्याच कुटुंबांना तीन पिढ्या पाहिले होते, म्हणूनच हा रोग बापाकडून वा आईकडून मुलांकडे येतो हे त्या तरुणास दिसले. रोगातील अनावर हालचालींना वैद्यकात 'कोरिया' म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य.

बेंगळूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हां सर्वांस बसवून जे समजावले, ते सोप्या शब्दांत असे. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांतील चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्या जनुकात सी, ए, जी ही तीन अक्षरे एकापुढे एक पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. निरोगी माणसात ही पुनरावृत्ती सव्वीसपर्यंत असते. ती चाळीस वा त्याहून अधिक झाली की, माणूस पुरेसे जगला तर रोग येतोच. छत्तीस ते एकोणचाळीस असल्यास काहींना येतो, काहींना येत नाही. भावोजींच्या रक्तात ती चव्वेचाळीस होती. या जनुकामुळे मेंदूच्या आतील काही पेशी हळूहळू नष्ट होतात. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान लक्षणे दिसू लागतात व पुढे पंधरा-वीस वर्षे दुखणे वाढत जाते. केवळ हातपायच नव्हे, तर विचार व स्वभावही त्यात बदलतात. किंबहुना कित्येकदा तेच प्रथम बदलतात. चुकलेली मापे व भिरकावलेला रंधा यांचा अर्थ आम्हांला त्या दिवशी लागला.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी ऐकताना अक्काने शेजारी बसलेल्या मुलीचा हात घट्ट धरला. आईबापांपैकी एकास हा रोग असेल, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता अर्धी असते. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. चार भावंडे असली तर दोघांना येणार व दोघांना नाही, असाही हिशेब नाही. प्रत्येकासाठी नाणे नव्याने उडविले जाते. ज्याला ते जनुक मिळाले नाही, त्याच्या मुलाबाळांनाही या वाटेने रोग येत नाही. साखळी तेथे तुटते. भाचा तेव्हा तेवीस वर्षांचा होता, भाची वीस वर्षांची.

परतीच्या गाडीत कोणी बोलत नव्हते. खानापूर जवळ आले तेव्हा भावोजी अडखळत म्हणाले, "म्हणजे बाबा पीत नव्हते." पन्नास वर्षे त्यांनी आपल्या बापाला दारुडा मानले होते. आम्हांला त्या क्षणी मेणबत्ती आठवली. घरी पोहोचल्यावर आम्ही त्यांचे पाय धरले. त्यांनी आपला हलणारा हात आमच्या डोक्यावर ठेवण्याचा प्रयत्न केला. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट बसला.

पुढे आम्हांला असे कळले की, ही चूक करणारे आम्ही एकटेच नव्हतो. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात माराकाइबो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठच्या गरीब, मुख्यतः कॅथोलिक, कोळी वस्त्यांत हा रोग जगात इतरत्र कोठेही नाही इतका दाट आहे. आमेरिको नेग्रेते नावाचा तरुण डॉक्टर तेथे कामावर आला, तेव्हा रस्त्याने झुकत जाणारी माणसे त्याला प्रथम प्यालेलीच वाटली. तेथील लोक या दुखण्यास संत व्हिटसचा आजार म्हणत. १९५५ साली नेग्रेते यांनी हा हंटिंग्टनचाच रोग असल्याचे जाहीर केले. पुढे १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर ही अमेरिकन विदुषी तेथे जाऊ लागली. तिची स्वतःची आई याच रोगाने १९७८ साली वारली होती. त्या कोळी कुटुंबांनी हजारोंच्या संख्येने आपले रक्त तपासणीसाठी दिले. त्याच्याच बळावर १९८३ साली रोगाचे ठिकाण चौथ्या गुणसूत्रावर सापडले आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक हाती आले. भावोजींच्या रक्तातील चव्वेचाळीस हा आकडा ज्या तपासणीने कळला, ती त्या अनोळखी कोळ्यांनी पुढे केलेल्या हातांतून निघाली आहे. नॅन्सी वेक्सलर यांनी २०२० साली जगाला सांगितले की, आपल्यालाही हाच रोग आहे.

घरी औषध काय होते? रोग थांबविणारे औषध तेव्हा नव्हते. हालचाली कमी करणारी गोळी, मन खचू नये म्हणून दुसरी गोळी, एवढेच. बाकी सारे काम घराने व शेजाराने करायचे होते. ते अक्काने दहा वर्षे केले व आम्हांला हळूहळू शिकविले.

पहिली गोष्ट जेवणाची. सतत हलणारे शरीर कष्टकऱ्याहून अधिक अन्न मागते. दोन वेळच्या ताटाने भावोजी वाळत चालले. अक्का दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे देई: तूप घातलेली मऊ पेज, कुस्करलेले केळे, अंडे, नाचणीची दाट आंबील. पाण्याने त्यांना ठसका लागे, दाट पदार्थाने लागत नसे. हे तिच्या लक्षात प्रथम आले व डॉक्टरांनी नंतर दुजोरा दिला. जेवताना ताठ बसवायचे, घास गिळेपर्यंत कोणी बोलायचे नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, हा घरचा नियम झाला. चर्चमध्येही फादर त्यांना ख्रिस्तशरीराचा अगदी लहानसा कण देत.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रश्न विचारला की उत्तरास कधी कधी पुरते मिनिट लागे. आपण घाईने दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचे उत्तर हरवून जाई. आम्ही तीस वर्षे शिक्षकी केली, पण थांबणे म्हणजे काय ते त्या ओटीवर शिकलो. तिसरी गोष्ट रागाची. राग आला की वाद घालायचा नाही. विषय बदलायचा, नाहीतर थोडे बाजूला व्हायचे. "हे बोलतात ते दुखणे बोलते," असे अक्का म्हणे. पण तिलाही कधी असह्य होई. तेव्हा ती आमच्या घरी येऊन मागच्या पडवीत तासभर नुसती बसे. आमची पत्नी तिला चहा देई व काही विचारीत नसे. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या माणसालाही कोणीतरी सांभाळावे लागते, हे पुष्कळ सज्जनांच्या ध्यानात येत नाही.

गावाला मात्र आम्ही काही सांगितले नाही. 'मेंदूचा आजार आहे' एवढेच. मुले लग्नाची होती. मूठ झाकलेली बरी, असे आमचेच मत होते.

२०१६ साली भाच्याचे लग्न ठरत आले. मुलगी शेजारच्या गावची, घर चांगले. भाच्याने स्वतःची तपासणी केली नव्हती, करण्याची त्याची इच्छाही नव्हती. तो म्हणाला, "मामा, तिच्या घरी सांगायला हवे." आम्ही म्हणालो, "आधी लग्न होऊ दे. अर्धी शक्यता म्हणजे अर्धी सुटकाही आहे." अक्का चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "अरे, तू त्या दिवशी ह्यांच्या हातातली मेणबत्ती काढून घेतलीस, कारण तुला ठाऊक नव्हते. मी तुला कधी बोल लावला नाही. आता ठाऊक असून त्या पोरीला तसेच अंधारात ठेवणार काय? मला आधी सांगितले असते तर मी काय केले असते, ते मला आजही सांगता येत नाही. पण मला विचारायला हवे होते."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी भाचा व आम्ही मुलीच्या घरी गेलो. बोलला तो भाचाच. आम्ही नुसते शेजारी बसलो. मुलीच्या वडिलांनी सारे ऐकून घेतले, बराच वेळ जमिनीकडे पाहिले व आठ दिवसांची मुदत मागितली. आठ दिवसांनी नकार आला. लग्न मोडले. खरे बोलल्याचे फळ नेहमी गोडच असते, असे आम्ही लिहिणार नाही. भाच्याने त्यानंतर कित्येक दिवस धड जेवण केले नाही. पण मुलीच्या वडिलांनी नकार स्वतः येऊन सांगितला, आणि निघताना भावोजींचा हात हाती घेऊन म्हणाले, "मेस्त्री, तुमचा मुलगा सरळ आहे."

पुढल्या वर्षी, १८ मे २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये या रोगाने ग्रासलेल्या कुटुंबांची भेट घेतली. व्हेनेझुएला, कोलंबिया, अर्जेंटिना अशा अनेक देशांतून माणसे आली होती; त्यांत माराकाइबोच्या काठचीही होती. 'यापुढे लपविणे नको' हे त्या मेळाव्याचे ब्रीद होते. दिवंगत पोपमहोदयांनी रुग्णांना एकेक करून जवळ घेतले. आमच्या फादरांनी ती बातमी अक्काला दाखविली. त्या रविवारी मिस्सेनंतर अक्का स्वतः लोकांपुढे उभी राहिली. व्याख्यान नव्हते, पाच-सहा वाक्ये होती. हे काय दुखणे आहे, हे पिणे नव्हे, बाधा नव्हे, स्पर्शाने लागणारे नव्हे, कोणाच्या पापाचे फळ नव्हे. जन्मांध माणसाकडे पाहून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते. प्रभूने दोघांचेही नाही म्हणून सांगितले. तो प्रसंग आपण ऐकतो, पण आपल्या गल्लीत कधी लावून पाहत नाही.

त्या दिवसानंतर जे घडले, त्याची आम्हांला अपेक्षा नव्हती. दोन तरुण दर रविवारी येऊन भावोजींना आंघोळ घालू लागले. पडले तरी लागू नये म्हणून एकाने बुटकी खाट करून दिली. तो त्यांचाच जुना शागीर्द. कोणी अंडी आणून ठेवी, कोणी अक्काला तासभर बाजारास जाऊ देई. आणि एका रात्री, जेवणे झाल्यावर, चार मैलांवरील गावचे एक जोडपे दार वाजवून आत आले. बाईंनी पदर तोंडाशी धरून हळूच विचारले, "आमच्या थोरल्या दिरांचे असेच आहे. आम्ही त्यांना आत ठेवतो. ते काय आहे, सांगाल का?" अक्काने त्यांना बसवून घेतले. आज ते गृहस्थ उन्हात, ओटीवर बसतात.

भावोजी २०१९ च्या पावसाळ्यात, घरच्या खाटेवर, अक्काच्या हातून पेजेचे दोन चमचे घेऊन शांतपणे गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत मेणबत्ती आम्ही धरली होती.

भाचीने पुढे बेंगळूरला जाऊन तपासणी करून घेतली. तेथे रक्त लगेच घेत नाहीत. आधी समुपदेशनाच्या बैठका होतात, निकाल कळल्यावर काय करशील हे विचारतात, आणि मध्येच नको वाटले तर परत जाण्याची मुभा असते. निकाल काय आला, हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो तिचा आहे. भाच्याने तपासणी अद्याप केलेली नाही. जाणून घेणे हा जसा हक्क, तसाच न जाणण्याचाही. त्याने बापाची हत्यारे साफ करून घेतली आहेत व सुतारकाम करतो. ज्या दिवशी एखादे दार चौकटीत नीट बसत नाही, त्या दिवशी तो थोडा वेळ गप्प होतो, आम्हीही होतो. मग तो रंधा घेतो आणि ते दार बसते. संशोधकांचे जनुकावरील उपचारांचे प्रयोग चालू आहेत. त्यांतून त्याच्या पिढीस काही मिळावे, ही आमची रोजची प्रार्थना.

वाचकहो, तुमच्या गावात कोणी झुकत चालत असेल, कोणाचे हात उगाच हलत असतील, कोणी अकारण तापट झाला असेल, तर निकाल देण्यापूर्वी एकदा विचारा: याचे वडील कसे वारले, याची आई कशी गेली? तसे दुखणे घरात असेल तर चांगल्या मेंदूरोगतज्ज्ञाकडे जा. मुलांचे लग्न जुळविताना सत्य सांगा. त्याची किंमत मोजावी लागते हे आम्ही पाहिले आहे, पण ती न मोजल्यास कोणा दुसऱ्याच्या मुलीला मोजावी लागते, हेही पाहिले आहे. आणि तसे दुखणे शेजारी असेल, तर एक अंडे, एक तास आणि थोडा धीर, एवढे घेऊन जा.

झाकलेल्या मुठीत सव्वा लाख असतात की नाही, आम्हांला ठाऊक नाही. पण मूठ उघडल्याशिवाय दुसऱ्याचा हात धरता येत नाही, एवढे आमच्या अक्काने आम्हांला दाखविले.